दूरदेशीचं चित्रपुस्तक मुलांना वाचून दाखवताना

अंगणवाडीत नव्याने रुजू झालेल्या सेविका, बालवाडीच्या बाई, शनिवारी वाचनालयात गोष्ट सांगायला जाणारी कॉलेजची मुलं-मुली आणि घरी नातवंडं सांभाळणारे आजी-आजोबा, अशा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. ऐकणारी मुलं तीन ते सात वर्षांची आहेत असं धरलं आहे. आणि पुस्तक असं, की त्यातलं घर, जेवण, हवा, कपडे यांतलं काहीच सातारा-कोरेगाव-दहिवडीकडच्या मुलाने पाहिलेलं नाही.

असं पुस्तक हातात आलं की नवखा माणूस बहुधा दोन गोष्टींपैकी एक करतो. एक तर पहिलं पान उलटण्याआधीच भूगोलाचा तास सुरू करतो. देश कुठे आहे, राजधानी कोणती, तिथले लोक काय खातात. तोवर मुलं एकमेकांच्या पाठीत बोटं खुपसायला लागलेली असतात. नाहीतर मग तो सगळंच मराठी करून टाकतो. पुस्तकातल्या मुलीची चिंगी होते, तिच्या तंबूची झोपडी होते, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं ताक होतं. मुलं खूश होतात, पण चिंगीच्या गोष्टी आपल्याकडे पोत्याने आहेत. त्यासाठी दुसऱ्या देशाचं पुस्तक कशाला आणायचं?

मला जमलेली रीत अशी: मुलांना आत शिरायला ओळखीची एक वस्तू द्यायची. एकच. बाकीचं जे अनोळखी आहे ते तसंच राहू द्यायचं आणि त्याच्याकडे बघायला भरपूर वेळ द्यायचा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीभोवती आहेत.

बोलायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत धरून ठेवते. समजा, मंगोलियातल्या मेंढपाळ घरातल्या बोलोर नावाच्या मुलीचं चित्रपुस्तक तुमच्या हातात आहे. कुटुंब तंबू उचलून नव्या कुरणाकडे निघालंय आणि बोलोरचं कोकरू मागे राहिलंय, एवढीच गोष्ट. हे पुस्तक मी कल्पिलेलं आहे. मंगोलियाचे तपशील मात्र खरे आहेत.

पुस्तक निवडताना

आधी चित्रं बघा, मजकूर नंतर. पुस्तक टेबलावर उभं करा आणि सात-आठ पावलं मागे जा. मुख्य माणसाचा चेहरा दिसतोय का? तो काय करतोय ते कळतंय का? कळत नसेल तर ते पुस्तक मांडीवर बसवून एकाच मुलाला वाचायचं आहे, वर्गासाठी नाही. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी एका पानावर दोन-तीन वाक्यांपेक्षा जास्त मजकूर नको. असलाच तर तुम्ही गाळत जाणार आहात, मग कुठे गाळायचं ते घरीच ठरवून पेन्सिलीने बारीक खूण करून या.

मग बघा, पुस्तकातली माणसं माणसं आहेत की नमुने. काही पुस्तकांत प्रत्येक पानावर कोणीतरी सणाचे कपडे घालून उभा असतो आणि खाली लिहिलेलं असतं, हा अमुक देशाचा पोशाख, हे अमुक देशाचं नृत्य. मुलं ती पटपट उलटतात, आणि ते बरोबरच आहे. ज्याला नाव आहे, ज्याचं काही हरवलंय, ज्याला आईचा ओरडा बसलाय, असा कोणीतरी पुस्तकात हवा. लेखक-चित्रकार कोण, हेही शेवटच्या पानावर वाचा. त्या देशातला, निदान तिथे राहिलेला माणूस असेल तर चुली-भांड्यांपासून जोड्यांपर्यंत सगळं नेमकं येतं.

पुस्तकं मिळतात कुठे? नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय ही माला स्वस्त आहे आणि मराठीत आहे. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट मिळतात, आणि परवाना खुला असल्याने लेखक-चित्रकाराचं नाव ठेवून छापूनही घेता येतात. दक्षिण आफ्रिकेतल्या सेड या संस्थेच्या आफ्रिकन स्टोरीबुक प्रकल्पातल्या गोष्टीही अशाच खुल्या आहेत. आणि आपल्या जिल्ह्यातच पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावर भिलार आहे. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या पुस्तकांच्या गावावरून कल्पना घेऊन ४ मे २०१७ रोजी ते ‘पुस्तकांचं गाव’ झालं. घराघरांत विषयवार पुस्तकं मांडली आहेत, बालसाहित्यही आहे. स्ट्रॉबेरी खायला जाताच, तर तासभर बालसाहित्याच्या घरात बसा आणि कोणती चित्रं लांबून दिसतात याची नजर बसवून घ्या.

एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट. केनियाचं पुस्तक असेल तर ‘आफ्रिकेतलं पुस्तक’ म्हणू नका. आफ्रिकेत ५४ देश आहेत. कोणी वडापावला ‘आशियातला पदार्थ’ म्हटलं तर आपण हसू.

तुमची स्वतःची तयारी

पुस्तक मोठ्याने वाचा, एकट्याने, दोनदा. मनात वाचून चालत नाही. जीभ कुठे अडखळते ते मनात वाचताना समजत नाही. नावं तशीच ठेवायची आहेत, म्हणून त्यांचा सराव जास्त करा. बोलोर हे नाव मुलांना अजिबात अवघड जात नाही. अवघड आपल्याला जातं, आणि आपण चाचरलो की मुलांना वाटतं, हे नाव विचित्र आहे.

देशाविषयी थोडं वाचून ठेवा, पण ते तुमच्यासाठी, मुलांना सांगण्यासाठी नाही. वाईला ज्याचं काम चालतं तो मराठी विश्वकोश संकेतस्थळावर आहे. पहिली फेरी तिथे मारा. मात्र खंडांतल्या कित्येक नोंदी काही दशकांपूर्वीच्या आहेत, त्यामुळे राजवट, लोकसंख्या असले तपशील दुसरीकडे ताडून घ्या. मंगोलियापुरतं सांगायचं तर देश महाराष्ट्राच्या पाचपट मोठा आणि लोकसंख्या जेमतेम ३५ लाखांच्या घरात. एकट्या सातारा जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत ३० लाख होती. हे एवढं डोक्यात असलं की चित्रातलं ते रिकामं, क्षितिजापर्यंत पसरलेलं गवत चित्रकाराने आळसाने रिकामं सोडलेलं नाही हे तुमच्या लक्षात येतं, आणि त्या पानावर तुम्ही आपोआप थांबता.

चित्रातल्या मुख्य तीन वस्तूंची माहिती मात्र पक्की हवी. आपल्या उदाहरणात तंबू, चहा आणि हवा.

तंबूला तिथे गेर म्हणतात. गोल असतो. भिंतीला लाकडी पट्ट्यांची जाळी, ती घडी होते. वर छपराचे वासे, ते मधल्या एका गोल चौकटीत जाऊन बसतात. या सगळ्यावर नमद्याची, म्हणजे न विणता दाबून केलेल्या लोकरीच्या कापडाची, जाड पांघरुणं. मध्ये चूल, तिचं धुराडं वरच्या चौकटीतून बाहेर. दार दक्षिणेला. कुटुंब वर्षातून काही वेळा तो उतरवून, जनावरांवर किंवा आता ट्रकवर लादून दुसरीकडे नेतं. चहात दूध असतं आणि साखरेऐवजी मीठ. हवा अशी की हिवाळ्यात पारा उणे ३० अंशांच्याही खाली जातो.

ओळखीची एक वस्तू

आता ती एक वस्तू शोधा. माझ्या मते या पुस्तकासाठी ती आहे घोंगडं.

माण-खटावच्या मुलाला घोंगडं दाखवावं लागत नाही. साताऱ्यातल्या फ्लॅटमधल्या मुलाने ते कदाचित देवघरात किंवा आजीकडे पाहिलेलं असतं. वाचायला बसण्याआधी एक जुनं घोंगडं सतरंजीच्या मधोमध ठेवा आणि काही बोलू नका. मुलं हात लावतील. ‘टोचतंय!’ हा शब्द आला की काम झालं. विचारा, हे कशाचं असतं? कोणीतरी मेंढरं म्हणेलच. मग पुस्तक उघडा आणि सांगा, ‘या मुलीचं अख्खं घर मेंढरांच्या लोकरीचं आहे.’ एवढंच. पुढे पुस्तक बोलेल.

घोंगडं आणि गेरचा नमदा एक नाही, हे तुम्हाला माहीत असू द्या. आपल्याकडे लोकरीचं सूत काढतात, सनगर समाजातले विणकर मागावर घोंगडी विणतात आणि ताठपणासाठी चिंचोक्याची खळ देतात. मंगोलियात नमद्याला सूतही नाही आणि मागही नाही. पिंजलेल्या लोकरीचे थर पसरतात, पाणी शिंपडतात, दांडक्याभोवती घट्ट गुंडाळतात आणि ती गुंडाळी घोड्यामागे किंवा उंटामागे गवतावरून लोळवत नेतात. लोकरीच्या धाग्याला बारीक खवले असतात. ओल आणि घासणं मिळालं की ते एकमेकांत अडकत जातात आणि जाड चादर तयार होते. पाच वर्षांच्या मुलाला खवल्यांशी देणंघेणं नाही, पण ‘घोड्याला बांधून लोळवतात’ हे ऐकल्यावर त्याचा चेहरा बघा.

एकच वस्तू असं मी म्हणते त्याला कारण आहे. उत्साहाच्या भरात आपण जोड्या लावत सुटतो: त्यांचा गेर म्हणजे आपला धनगराचा वाडा, त्यांचा चहा म्हणजे आपला चहा, त्यांचं कुरण म्हणजे कासचं पठार. पाच जोड्या लावल्या की मुलाच्या हाती मंगोलिया राहत नाही, एक वेड्यावाकड्या कपड्यांतला सातारा राहतो. शिवाय जोड्या खोट्या असतात. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरणाऱ्या धनगरांची गावाकडे घरं असतात, वाटेत ते शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवतात, त्या बदल्यात धान्य किंवा पैसे घेतात. गेरमधल्या कुटुंबाचं जगणं वेगळ्या हिशोबावर चालतं.

दुसरं पुस्तक असेल तर वस्तू दुसरी. बर्फात खेळणाऱ्या मुलाचं पुस्तक असेल तर मोठी पंचाईत होते, कारण बर्फ म्हटलं की आपल्या मुलांना गोळेवाला आठवतो आणि ती विचारतात, ‘सरबत कोण टाकतं?’ तिथे महाबळेश्वर कामाला येतं. कडाक्याच्या थंडीत वेण्णा लेकच्या काठी दवबिंदू गोठतात आणि गवतावर, गाड्यांच्या टपांवर पांढरा थर दिसतो. दर हिवाळ्यात त्याचे फोटो पेपरात येतात. तसा एखादा फोटो कापून ठेवा. तो दाखवा आणि सांगा, हे गवतावरच गोठलेलं दव आहे. पुस्तकातलं मात्र ढगातून पडतं, पावसासारखं, पण आवाज न करता. सहा वर्षांच्या मुलांना फरक बरोबर समजतो.

बसायचं कसं, धरायचं कसं

आठ-दहा मुलं, अर्धगोल, सतरंजीवर. उजेड मुलांच्या पाठीमागून यायला हवा, तुमच्या पाठीमागून नाही, नाहीतर त्यांना पुस्तकाच्या जागी काळा चौकोन दिसतो. गुळगुळीत कागद चमकतो, म्हणून पुस्तक किंचित खाली कलतं धरा. एका हाताने खालून मध्यावर धरायचं आणि दुसऱ्या हाताने पान वरच्या कोपऱ्यातून उलटायचं, म्हणजे चित्रावर कोपर येत नाही. हे सोपं वाटतं. आरशासमोर एकदा करून बघा.

वेळ खाऊनंतरची. भुकेल्या मुलाला मंगोलियातली माणसं जेवताना दाखवणं हा छळ आहे.

आता अंगणवाडीतली खरी अडचण: मुलं पंचवीस-तीस आणि पुस्तक एक, तेही वहीएवढं. यावर जपान्यांनी छान तोड काढली होती. त्यांच्या कामिशिबाई या प्रकारात गोष्टीची चित्रं सुट्या जाड पत्त्यांवर असतात आणि ती एका छोट्या लाकडी चौकटीत उभी करून एकेक सरकवत जातात. १९३०च्या दशकात सायकलवर ही चौकट बांधून गल्लीगल्लीत गोष्टी सांगणारे लोक होते. त्यांची कमाई गोष्टीवर नव्हती, मुलांना विकलेल्या गोळ्या-मिठायांवर होती. पण इतकं लांब तरी कशाला जायचं? कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी सुटी चित्रं एकामागून एक दाखवत रामायण-महाभारतातल्या कथा गाऊन सांगत आले आहेत. एका कथेच्या चित्रांच्या गठ्ठ्याला ते पोथी म्हणतात.

तुम्ही करायचं ते असं. खुल्या परवान्याची गोष्ट निवडा, चित्रं मोठ्या कागदावर रंगीत छापून घ्या आणि पुठ्ठ्यावर चिकटवा. मजकूर पाठीमागे चिकटवा, पण त्याच चित्राच्या पाठीवर नाही. पहिल्या चित्राचा मजकूर शेवटच्या पुठ्ठ्याच्या पाठीवर, दुसऱ्याचा पहिल्याच्या पाठीवर, तिसऱ्याचा दुसऱ्याच्या. समोरचा पुठ्ठा काढून सगळ्यात मागे ठेवला की आता जे चित्र मुलांना दिसतंय त्याचाच मजकूर तुमच्या डोळ्यांसमोर येतो. एकदा हातात घेऊन बघितलं की लगेच उलगडतं. चौकट नसली तरी खोक्याची एक बाजू कापून चालते.

पहिलं वाचन

मुखपृष्ठ दाखवा आणि गप्प बसा. मनात दहा आकडे मोजा. हे दहा आकडे फार लांब वाटतात, पण त्यातच कोणीतरी म्हणतं, ‘त्या पोरीचं गाल लालभडक झाल्यात.’ थंडीने होतात तसे, हे तुम्ही सांगू नका. पुढच्या पानांत थंडी येणारच आहे.

पहिल्यांदा वाचताना सलग वाचा. मध्ये थांबून प्रश्न विचारू नका. कोकरू सापडतं की नाही, हे मुलांना आधी कळू द्या. तोवर त्यांना दुसरं काही सुचत नाही. कोणी मध्येच बोललं तर हुंकार द्या आणि पुढे चला.

भाषेचं काय? निवेदन पुस्तकात आहे तसं वाचा. पण बोलोर आणि तिचा भाऊ एकमेकांशी बोलतात ते थोडं आपल्याकडच्या बोलीत आलं तर मला चालतं. ‘कोकरू कुठे आहे?’ याचं ‘कोकरू कुठं गेलं गं?’ झालं म्हणून मंगोलिया बुडत नाही. नावं, पदार्थ, घर, जनावरं यांना मात्र हात लावायचा नाही. गेर म्हणजे गेर. दोन पानांनंतर मुलं तो शब्द स्वतःच वापरतात, आणि घरी जाऊन आईला ‘तुला म्हाईत नाय’ म्हणून ऐकवतात.

‘शी!’ आणि इतर शेरे

चहात मीठ, हे वाचलं की वर्गात ‘ईईई’ होणार. होऊ द्या. रागावलात तर मुलं पुढच्या वेळी मनातल्या मनात ‘ईई’ करतील, आणि ते जास्त वाईट. मी एवढंच विचारते, ‘तुम्हाला आवडतं आणि पाव्हण्यांना आवडत नाही, असं काय काय आहे?’ खरवस येतो, ठेचा येतो, एखाद्याकडून सुकट येते. खरवसाबद्दल तर खास सांगण्यासारखं आहे: नुकत्याच व्यालेल्या गाईच्या चिकाचा पदार्थ हे ज्यांनी कधी ऐकलेलं नाही, त्यांचे चेहरेही असेच होतात. मुलांना हे ऐकून भारी गंमत वाटते. मग सगळे मिळून पुन्हा त्या पानाकडे वळायचं. मिठाचा चहा वर्गात करून पाजण्याच्या फंदात मी पडत नाही. ते पान बघून जे वाटायचं ते वाटून झालेलं असतं, आणि पालकांची परवानगी, कोणाला काय सोसतं, ही यातायात उगाच वाढते.

चेहऱ्यांवरचे शेरे जास्त नाजूक. ‘याचे डोळे असे का?’ हा साधा प्रश्न आहे, त्याला साधं उत्तर द्या: माणसांचे डोळे, केस, कातडी वेगवेगळी असतात, आपल्या वर्गात बघा बरं, सगळ्यांचे केस सारखे आहेत का? दटावून गप्प केलंत तर मुलाला वाटेल की त्या डोळ्यांत काहीतरी लाजिरवाणं आहे. पण कोणी डोळे ताणून ‘चिंगचाँग’ केलं तर तिथे थांबायचं. न ओरडता, सरळ: ‘असं केलं की समोरच्याला वाईट वाटतं. आपण नाही करत.’ आणि पुढचं पान. कधी एखादं मूल म्हणतं, ‘हे स्वेटरवाले हायेत!’ थंडीत शहरात येऊन लोकरीचे कपडे विकणारे तिबेटी लोक त्याने पाहिलेले असतात. त्याला चुकीचं ठरवू नका, त्याने नीट निरीक्षण केलंय. ‘ते तिबेटचे, ही मंगोलियाची. दोन वेगळे मुलूख, पण तुझ्या लक्षात आलं ते छान.’

सगळ्यात जपायची जागा वेगळीच आहे. तुमच्या वर्गात धनगराचं मूल असेल, किंवा कारखान्याच्या हंगामात बीडकडून आलेल्या ऊसतोड कामगारांचं कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहणारं मूल असेल. तंबूचं पान आलं की आपली नजर नकळत त्याच्याकडे जाते आणि तोंडातून निघतं, ‘तुमच्याकडे पण असंच असतं ना रे?’ हे विचारू नका. कालपर्यंत ते मूल इतरांसारखंच एक होतं. त्या एका प्रश्नाने ते वर्गाला दाखवण्याची वस्तू होतं. त्याला बोलायचं असेल तर ते आपणहून बोलतं. ‘आमची कोपी बी अशीच काढून नेत्यात’ असं त्याने म्हटलं, की मग त्याला विचारा: आधी काय काढतात, बांबू कोण धरतं, पाऊस आला तर? अशा वेळी तंबू कसा सोडतात हे त्या वर्गात सगळ्यात जास्त त्यालाच माहीत असतं. तुम्हालाही नसतं.

दुसरं आणि तिसरं वाचन

एकदा वाचून पुस्तक कपाटात ठेवलं तर निम्मी मेहनत वाया गेली. दोन दिवसांनी तेच पुन्हा काढा. आता थांबत थांबत वाचा आणि मुलांना बोलू द्या.

अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना महिनाभर एवढंच करायला लावलं होतं: नुसतं वाचून न दाखवता मोकळे प्रश्न विचारायचे आणि मूल जे बोलेल त्यात थोडी भर घालून ते परत म्हणायचं. ती मुलं भाषेत पुढे गेली. आपल्या कामाला हे तंतोतंत लागू पडतं. ‘समजलं का?’ या प्रश्नाला मुलं ‘हो’ म्हणतात, कारण ‘हो’ म्हटलं की बाई पुढे जातात. त्यापेक्षा विचारा, ‘ही बाई काय करतेय?’ मूल म्हणतं, ‘दोरी वढतीया.’ तुम्ही म्हणा, ‘हं, गेरची दोरी ओढतेय, घट्ट. कशाला बरं?’ आणि थांबा. उत्तर चुकीचं आलं तरी लगेच दुरुस्त करू नका. ‘चला बघू’ म्हणून पान उलटा, उत्तर बहुतेक चित्रातच असतं.

तुम्हाला येत नाही असा प्रश्न हमखास येतो. ‘तिथं पोरं साळंत जात्यात का?’ घरं हलती असतील तर शाळा कशी, हा सहा वर्षांच्या मुलाला पडलेला अगदी रास्त प्रश्न आहे. (उत्तर: जातात. मेंढपाळांची बरीचशी मुलं सोमच्या, म्हणजे तालुक्यासारख्या ठिकाणच्या, शाळेच्या वसतिगृहात राहतात.) जे येत नाही ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहा आणि दुसऱ्या दिवशी खरंच शोधून सांगा. सांगायचं विसरलात तर मुलं विसरत नाहीत.

तिसऱ्या वाचनाला पुस्तक मुलांच्या हातात जायला हवं. खालच्या फळीवर, मुखपृष्ठ दिसेल असं उभं ठेवा. कोणीतरी ते उलटं धरून शेजारच्याला ‘वाचून’ दाखवायला लागेल. मध्ये पडू नका.

हाताला काम

इथे एक नको ते आधी सांगते: कागदी टोप्या, रंगवलेले गाल, ‘आज आपण मंगोलियन झालो’ असा फोटो. पालकांच्या ग्रुपवर छान दिसतो, पण त्यात मुलांनी केलेलं काहीच नसतं.

त्यापेक्षा नमदा करून बघा. मेंढपाळाकडून किंवा घोंगडी विणणाऱ्याकडून मूठभर कातरलेली लोकर आणा. साबणाच्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन वाळवा, कारण तिला वास असतो आणि त्यात काटेकुसळं असतात. बोटांनी विंचरून मोकळी करा. प्रत्येक मुलाला लिंबाएवढा पुंजका द्या. कोमट पाण्यात अंगाचा साबण थोडा विरघळवून पुंजका त्यात बुडवायचा आणि दोन तळव्यांमध्ये फिरवायचा, आधी अगदी हलक्या हाताने, जरा आकार धरला की जोर लावून. सुरुवातीला हातात नुसता लगदा होतो आणि मुलं तक्रार करतात. दहा-पंधरा मिनिटांत गोळी घट्ट होऊ लागते. आपल्या दख्खनी मेंढ्यांची लोकर भरड, केसाळ असते, त्यामुळे वेळ थोडा जास्त लागतो आणि गोळी गुळगुळीत होत नाही, होऊ नये. साध्या पाण्यात धुऊन उन्हात वाळवा. साबणाचं पाणी डोळ्यांत जाऊ नये म्हणून एका वेळी पाच-सहा मुलांनाच बसवा, मदतनीस ताईंना सोबत घ्या.

विणलेल्या घोंगड्याचा धागा ओढला तर सुटतो, या गोळीचा सुटत नाही. ते मुलांना स्वतःच ओढून बघू द्या.

त्याच देशाचं दुसरं पुस्तक

हे बहुतेक जण करत नाहीत आणि करायलाच हवं. एकाच पुस्तकावरून मुलाला वाटतं की मंगोलियातली सगळी माणसं तंबूत राहतात आणि घोड्यावर फिरतात. प्रत्यक्षात देशातली जवळजवळ निम्मी माणसं राजधानी उलानबातरमध्ये राहतात. तिथे उंच इमारती आहेत, गाड्यांची कोंडी आहे, हिवाळ्यात कोळशाच्या धुराने कोंदणारी हवा आहे. शहराच्या कडेला गेरच्या वस्त्या आहेत, आणि कुरणातल्या गेरवर सौर पट्टी आणि दाराशी मोटारसायकल असते.

शहरातल्या मंगोलियन मुलाचं चित्रपुस्तक मराठीत हाताला लागेलच असं नाही. मग दोन-तीन फोटो पुरतात: इमारतींच्या पार्श्वभूमीवर शाळेत निघालेली मुलं, गेरशेजारी उभी मोटारसायकल. ते पुस्तकाच्या शेवटच्या पानात घालून ठेवा आणि चौथ्या-पाचव्या वाचनानंतर काढा, आधी नाही. दाखवताना सांगायचं, ‘बोलोरची मावसबहीण इथे राहते असं समजू.’ मग मुलं विचारतील, बोलोर तिच्याकडे सुट्टीत जाते का, आणि जाताना कोकरू नेते का. त्यांनाच ठरवू द्या.